मुंडीचा मान

आमच्या पळसकोंडात बोकडाचं धड गावाचं आणि मुंडी मानाची. देवदिवाळीला गावदेवीसमोर घाव घालायचा मान एका वर्षी वरच्या घराचा, दुसऱ्या वर्षी खालच्या घराचा. ज्याचा घाव, त्याची मुंडी. वरच्या घरात कुशाबा, खालच्या घरात मोरू. हा हिशेब किती पिढ्या चालत आला कुणास ठाऊक, पण चालला, कारण तो कुठे उमटवून ठेवलेला नव्हता. यंदा तुझं, पुढच्या वर्षी माझं. ज्याच्या हाताला काही लागलं नाही, त्याला पुढचं वर्ष शिल्लक असायचं, आणि त्या शिलकीवर माणूस गप्प राहायचा.

मग गावाला भिंतीवर चित्र काढायची बुद्धी झाली.

मुंबई मंडळाने देवळाचा सभामंडप नवा बांधून दिला होता. एक लांब भिंत कोरी होती. मंडळातल्या कुणीतरी ग्रुपवर टाकलं, की दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे आपले थंडीतले सण या भिंतीवर रंगवून घ्या, पुढच्या पिढीला कळायला हवेत. पुढची पिढी म्हणजे त्यांची मुलं, जी मे महिन्यात येतात आणि रेंज कुठे मिळते ते विचारतात. सगळ्यांनी अंगठे वर केले. अंगठा वर करायला कुणाचं काय जातं? पण पाळी वर्षावर्षाने बदलते आणि भिंतीवर एकच वर्ष मावतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर गिरणीवाला. दळण होईपर्यंत माणसं बसतात, बोलतात, आणि कोण कुणाला काय देणं लागतो हे माझ्या कानावर पिठासारखं साचत राहतं.

चित्र काढणार होती अक्षदा. मोरूची मुलगी आणि कुशाबाची सून. लग्नाआधी पेणला मावशीकडे राहून ती गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायची. माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे तिथे पुष्कळ. डोळे आखणारा हात एखादाच असतो. लग्न झालं आणि कुशाबा म्हणाला, "देवाचे डोळे काढायला पेणंत मानसं हायत. आमच्याकडं भाकरी थापायला कोन नाय." झालं, तो हात चुलीशी गेला. आता मंडळ म्हणत होतं, ही भिंत शिमग्यापर्यंत पुरी झाली तर दासगावच्या एका शाळेची भिंतही तुलाच देऊ. अक्षदाला या भिंतीतून बाहेर पडायचं होतं.

कुशाबाने लगेच होकार दिला. सून आपली म्हणजे कुंचला आपला, म्हणजे बोकडापुढे कोयता घेऊन उभा राहणारा गडीही आपलाच. खाली मोरूने हाच हिशेब मांडला होता: मुलगी आपली. एकच पोरगी दोन घरांनी आपापल्या खात्यात जमा धरली. पोरीला कुणी विचारलं नाही.

दिवाळीत पहिली चौकट झाली. पहाटेचं अंगण, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडणारा मुलगा, कारीट फुटून उडालेला बियांचा चिखल. इतका जिवंत, की बघताना तोंड कडू व्हावं. ठमाबाई बघायला आली. ठमाबाई म्हणजे वाडीतलं सगळ्यांत जुनं माणूस आणि सगळ्यांत मोकळं तोंड.

"गो अक्षदा, याला डोळंच नायत!"

"डोळे शेवटी, आज्ये. सगळी भिंत झाली की एकदम आखायचे. डोळे आले की चित्र आपलं राहत नाय, ज्याचं त्याचं होतं."

"बरं हाय. म्हंजे तवर कोन कुनाला वळकनार नाय."

तिथे ठमाबाई चुकली. पळसकोंडात माणूस ओळखायला डोळे लागत नाहीत. इथे खोकल्यावरून माणूस ओळखतात.

तुळशीच्या लग्नाच्या चौकटीत अंतरपाट धरणारे दोन हात कुणाचे, यावर नुसती बाचाबाची झाली. ती मी किरकोळीत धरली. देवदिवाळीच्या आधी तिसरी चौकट उभी राहिली: पायरी, बोकड, आणि वर उचललेला कोयता. कोयता धरणाऱ्याचा चेहरा गुळगुळीत, कोरा. पण कमरेला निळ्या चौकड्यांची लुंगी, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरलेला. गावात निळ्या चौकड्यांची लुंगी मोरू नेसतो. खांदा कुशाबाचा उतरलेला आहे. अक्षदाने मुद्दाम केलं की बापाकडे आणि सासऱ्याकडे बघून बघून हात आपोआप तसा गेला, ते तिचं तिला माहीत.

त्या वर्षी पाळी कुशाबाची होती. बायकांचे मार्गशीर्षातले गुरुवार सुरू व्हायच्या आत बोकड उरकायचा असतो, म्हणून सकाळपासूनच घाई. कुशाबाने घाव नीट घातला. एका घावात मुंडी पायरीवर, धड चार पावलं उगाच नाचून पडलं. पोरं ओरडली. कुशाबा कोयता पुसत होता तेवढ्यात मोरू पुढे झाला आणि त्याने मुंडीचं एक शिंग धरलं.

"इवाई, पाळी माजी हाय," कुशाबा म्हणाला. अजून 'इवाई' होतं, म्हणजे अजून आशा होती.

"पाळी तुमची आसंल. भितीवर लुंगी माजी हाय. पोरंसोरं उद्या बगतील तर म्हनतील, मान मोरूचा आन मुंडी खाल्ली कुशाबानं."

"लुंगी तुजी, पन खांदा कुनाचा हाय? आंधळ्या!"

'तुमची'चं 'तुजी' झालं, आणि मी मुलांना मागे ओढलं. कुशाबाने दुसरं शिंग धरलं. दोन व्याही, मधे बोकडाचं तोंड, जीभ एका बाजूला लोंबतेय, आणि दोघं ओढतायत. रक्ताने मोरूच्या हातातलं शिंग निसटलं. कुशाबा मागच्या मागे पायरीवर आपटला, डोकं फुटलं. तो उठला तो मुंडी घेऊनच, आणि त्याच मुंडीने त्याने मोरूच्या तोंडावर मारलं. शिंग दातांवर बसलं. मोरूचे पुढचे दात त्याच्याच तळहातावर आले. त्याने ते क्षणभर बघितले, मुठीत धरले, आणि त्या मुठीने कुशाबाच्या नाकावर ठोसा घातला. मग दोन्ही घरांचे पुरुष एकमेकांवर तुटून पडले. पायरीवर रक्त इतकं, की बोकडाचं कुठलं आणि माणसांचं कुठलं ते कुत्र्यांनाही कळेना; त्यांनी भेदभाव केला नाही.

संध्याकाळी पोलादपूरच्या दवाखान्यात दोघं शेजारच्या बाकांवर बसून टाके घालून घेत होते. मुंडी कुणीच खाल्ली नाही. ती लाथांखाली गेली होती.

अक्षदाने दुसऱ्या दिवशी त्या माणसावर पांढरा हात मारला आणि त्याला पाठमोरा काढला. लुंगी नाही, नुसतं घोंगडं. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे. पाठीला काय मान असतो?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका सभामंडपात बसल्या होत्या. वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांवर नजरा, तोंडात तीळगूळ, आणि ठमाबाईला गोड बोलायला सांगितलं की काय होतं ते बघा. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "आग बया, कान बगा की. वरची पाळी नाय त्या कानाला. कुत्र्यानं खाल्ला व्हता नव्हं लहानपनी? कुशाबाच हाय तो!"

घोंगड्याच्या बाहेर कानाचा एवढासा तुकडा निघाला होता. चित्रकाराच्या हाताचं कौतुक करावं की त्याला शाप द्यावा? दुसऱ्या सकाळी भिंतीवरचा तो कान कुणीतरी कोयतीने खरवडून काढलेला होता. कुणीतरी म्हणजे कोण हे विचारायला नको. कुशाबाने भिंत बघितली, थेट खाली मोरूच्या गोठ्यात गेला आणि मोरूच्या धाकट्या बैलाचा कान मुळापासून कापला. बैलाचं हंबरणं माझ्या गिरणीच्या आवाजातही ऐकू आलं. मी पट्टा बंद केला.

कुशाबा वर जाताना गिरणीपाशीच मोरूने त्याला गाठलं. मोरूच्या हातात जूचा दांडा होता. पहिला दणका पाठीत, दुसरा बरगडीत. बरगडी मोडल्याचा आवाज सुकं लाकूड मोडल्यासारखा येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. कुशाबा माझ्या दारात पडला, पिठाच्या पाट्यांवर, आणि पडल्या पडल्या त्याने मोरूच्या पोटरीला दात लावले. सोडेना. मोरू दांडा घालत होता, हा चावत होता. कुणाचं तरी तांदळाचं पीठ होतं, वड्यांसाठी आणलेलं. ते लाल झालं, मग त्याचा गोळा झाला. मी आणि दोन-तीन गडी मिळून त्यांना सोडवलं. मोरूच्या पोटरीचा तुकडा कुशाबाच्या तोंडातच राहिला आणि त्याने तो माझ्या उंबऱ्यावर थुंकला.

"इवाई," मोरू धापा टाकत म्हणाला, "तीळगूळ घ्या."

हसू आलं मला. आता सांगताना लाज वाटते, पण आलं.

पोलिसांत दोघांनी तक्रार दिली आणि दोघांनी मागे घेतली, कारण मुलगी मधे होती. महाशिवरात्रीच्या सुमाराला महाडच्या छबिन्याच्या मिरवणुकीत देवाची काठी घेऊन दोघांना जावंच लागतं, तिथेही गेले, फक्त वेगवेगळ्या रिक्षांनी. एक बरगडी बांधून, एक लंगडत. लोक म्हणाले, काय भक्ती आहे!

आता अक्षदाकडे शेवटचा मार्ग उरला होता. तिने तो माणूस पुन्हा समोरून काढला. घोंगडं डोक्यावरून घेतलेलं, कान झाकलेले, खांदे झाकलेले, हनुवटी कुणाचीही असेल अशी. फक्त डोळे राहिले. कुशाबाचे डोळे घारे आहेत, सगळ्या वाडीत एकट्याचे. मोरूचे काळे. म्हणजे सगळा मान आता दोन टिकल्यांवर आला.

कुशाबाने तिला माझ्या गिरणीपाशी मनगटाला धरलं. डोक्यावर दळणाचा डबा होता तिच्या.

"घारे काढायचे," तो म्हणाला. "नायतर या हातानं भाकरी पन थापनार नायस तू, सांगून ठेवतो."

"आबा, दळण सांडेल."

"सांडू दे."

त्याच दिवशी मोरूचा निरोप आला. दात नसल्यामुळे निरोपही बोबडाच होता: काळे डोळे आले नाहीत तर माहेर मेलं म्हणून समज. म्हणजे एका बाजूला हात जाणार होता, दुसऱ्या बाजूला माहेर, आणि भिंत अर्धवट सोडली तर दासगाव. तिचा नवरा अनिल कशेडी घाटातून मालाचा टेम्पो चालवतो. रविवारी घरी आला की तो बापाची समजूत घालायचा, मग खाली जाऊन सासऱ्याची. दोघं त्याला चहा द्यायचे आणि दोघं ऐकायचे नाहीत.

"सोडून दे ती भिंत," तो अक्षदाला म्हणाला. मी दळण देत होतो, ऐकलं.

"सोडली तर मला परत रंगाला हात कोण लावून देईल? तू?"

अनिल म्हणाला, "शिडी धरीन मी. एवढं करू शकतो."

शिमग्याला, होळीच्या दिवशी सकाळीच डोळे आखायचे ठरले, पालखी बाहेर पडायच्या आत. सगळं गाव मंडपात. होळीसाठी सावरीचं झाड नुकतंच तोडून आणलेलं, त्यामुळे कुशाबाच्या कमरेच्या आकडीत कोयती होती. होळीचा खड्डा खणून झालेला, त्यामुळे मोरूच्या हातात पहार. सणासुदीला हत्यारं कुणी कुणाला विचारत नाही. हे आमच्या सणांचं एक सोयीचं अंग आहे.

अक्षदा शिडीवर चढली. खाली अनिल, डाव्या हाताने शिडी धरून. शिडीच्या पायरीवर तिने दोन वाट्या ठेवल्या होत्या: एकीत काळा, एकीत घारा. तिने कारीट फोडणाऱ्या मुलाचे डोळे काढले आणि मुलगा हसायला लागला. तुळशीपुढच्या बायांचे काढले, संक्रांतीच्या सुगडांभोवतीच्या पोरींचे काढले. पालखी नाचवणाऱ्यांचे काढले. बोकडाचे काढले, त्याच्याबद्दल वाद नव्हता. मोरूच्या तोंडातून एकदा "वा गो" निघून गेलं, आणि कुशाबाने मान हलवलेली मी पाहिली. दोघांना चित्र आवडत होतं. ही गोष्ट मी दोघांच्या जमेला लिहितो, कारण पुढे लिहायला काही नाही.

एकच चेहरा उरला. सगळ्यांच्या नजरा वाट्यांवर. अक्षदाने कुंचला पुसला, खाली वाकली, आणि काळ्या वाटीत बुडवला.

"काळे!" मोरू ओरडला. "माजी पोरगी हाय ती!"

आता, ज्याने एकदा तरी कारखान्यात बसून बघितलंय त्याला माहीत असतं की डोळ्याची आखणी काळ्यानेच सुरू होते. घारा असो, निळा असो, आधी काळी रेघ, मग आत रंग. पण कुशाबा पेणला गेला होता तो फक्त सुनेला तिथून आणायला. त्याने आकडीतून कोयती उपसली आणि भिंतीवरच्या चेहऱ्यावर घातली. गिलावा उडाला. दुसरा घाव, तिसरा. कोऱ्या गालातून विटा दिसायला लागल्या. अक्षदा शिडीला मिठी मारून वर राहिली.

"माजं त्वांड फोडतोस?" मोरू धावला आणि त्याने पहार फिरवली. ती कुशाबाच्या उतरलेल्या खांद्यावर बसली. खांदा खालीच आला, आणि त्याबरोबर वर उचललेली कोयती. भिंतीला जायची ती शिडीच्या दांड्यावर आली. दांड्यावर अनिलचा हात होता.

अनिलने हात समोर धरून बघितला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. एक घाऱ्या रंगाच्या वाटीत पडलं होतं. दुसरं शिडीखाली, तिथून कुत्र्याला मी स्वतः हाकललं. रक्ताची चिळकांडी भिंतीवर गेली, पालखीच्या चौकटीवर, जिथे गुलाल रंगवला होता, आणि तिथे ती दिसलीही नाही.

अक्षदा खाली उतरली. रंग पुसायच्या फडक्याने तिने नवऱ्याचा हात बांधला, बोटं दुसऱ्या फडक्यात घेतली. ती सासऱ्याकडे वळली. मला वाटलं, आता शिव्या देईल. ती म्हणाली, "आबा, गाडी काढायला सांगा. डायवर बसलाय हात धरून."

महाडला बोटं जोडली गेली नाहीत. वेळ गेला होता, आणि रंगही गेला होता आत. गिअरचा हात तो. टेम्पो सुटला. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन व्याही एका बाकावर बसले होते, मधे जागा ठेवून. पोलीस आले तेव्हा अनिलने सांगितलं, झाड सोलताना कोयती निसटली. कुणी निसटवली ते त्याने सांगितलं नाही, आणि ती गोष्ट दोघांच्या नावे सारखी पडली.

अक्षदा परत आली ती पाडव्याच्या आधी, एकटी, रंगाचे डबे घेऊन. दोन्ही घरांत गेली नाही. माझ्याकडून पाणी मागून घेतलं. संध्याकाळपर्यंत देवळात होती. मी गिरणी बंद करून बघायला गेलो. चेहऱ्याचं भगदाड तिने तसंच ठेवलं होतं, फुटलेल्या विटांसकट. काम केलं होतं ते फक्त हातावर: बोकडाचं शिंग धरलेला त्या माणसाचा डावा हात. दोन बोटं तिने पुसली होती आणि तिथे बुटकी, ताजी, गुलाबी टोकं रंगवली होती. इतकी बारीक, की बघून आपलाच हात खिशात जावा.

"झाली भिंत," ती म्हणाली. फोटो काढला, मंडळाला पाठवला.

मी विचारलंच. "अक्षदा, खरं सांग. त्या दिवशी डोळे कुणाचे काढणार होतीस?"

"काळी रेघ सगळ्यांनाच असते, काका."

दासगावची भिंत तिला मिळाली. ती आणि अनिल महाडला खोली घेऊन राहिले. अनिल एका वखारीवर माल उतरवून घ्यायच्या कामाला लागला. तिला अडवायला कुशाबा गेला नाही. जायच्या दिवशी तिचं राहिलेलं सामान, ब्रश, डबे, सगळं त्याने खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, त्या मोडक्या खांद्यावर. दुसऱ्या खेपेला मोरू आला. ठमाबाई बांधावरून ओरडली, "आज पाळी कुनाची रं?"

मग पुन्हा देवदिवाळी आली. पाळी मोरूची. अक्षदा आणि अनिल सकाळी महाडहून आले. तिच्या नखांत निळा रंग होता. मंडळाचा एक माणूस आला होता, तो भगदाडाकडे बघून म्हणाला, "वहिनी, हे एवढं बुजवून एखादा चेहरा काढला असता तर..."

"काढते की," अक्षदा म्हणाली. मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं. "ज्याला इथं तोंड दाखवायचंय त्यानं पुढं यावं. आत्ता काढते."

कुणी पुढे आलं नाही.

मोरूने कोयता उचलला. समोर भिंत, भिंतीवर तो हात. त्याचा घाव चुकला. बोकडाची मान अर्धीच कापली गेली, बोकड किंचाळत दोरी ताणून पळायला लागला, रक्त बायकांच्या साड्यांवर गेलं. दुसरा घाव, तिसरा. शेवटी कुशाबाने पुढे होऊन एका हाताने बोकड दाबून धरला आणि चौथ्या घावात मुंडी सुटली. दोघं रक्ताने न्हालेले, शेजारी शेजारी, धापा टाकत. अनिल खांबाला टेकून उभा होता, डावा हात खिशात.

"घ्या, इवाई," मोरू म्हणाला. "तुमी धरलात."

"छ्या. पाळी तुमची हाय. तुमीच न्या."

"मला दात नायत."

"मला जात नाय आता घशाखाली."

मुंडी पायरीवर पडून राहिली. माश्या आल्या. वाटे झाले, धडाचं मटण घरोघर गेलं. ज्या मुंडीसाठी दात, बरगडी, कान आणि बोटं गेली तिच्याकडे कुणी बघेना. अक्षदाने अनिलला "चल" म्हटलं आणि दोघं महाडच्या गाडीसाठी रस्त्याकडे निघाले. मग गर्दीतून ठमाबाई पुढे आली, पदर खोचला, आणि मुंडी दोन्ही शिंगांना धरून उचलली.

संध्याकाळी ती गिरणीवर आली. पुडीत भाजलेला मसाला होता.

"जरा बारीक काढ रे," ती म्हणाली. "मानाची हाय."